दोनशे नग, योग्य वेष्टनात

कौतिकरावांच्या मलमात काही खोट नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकिगत ऐकल्यावर माणूस पहिला संशय मलमावरच घेतो. गंधक, करंजाचं तेल आणि सातपुड्यातलं मेण, एवढ्या तीन जिनसांचं ते पिवळंधमक मलम. रंग वाईट, वास त्याहून वाईट. पण लावलं की आठवड्याभरात खरूज बोटांच्या बेचक्यांतून मुकाट्यानं निघून जायची. धुळ्याच्या एका धर्मार्थ दवाखान्यात कौतिकराव बावीस वर्षं कंपाउंडर होते. रोगी जे भांडं आणील त्यात ते मलम देत. कुणी वाटी आणी, कुणी पान, आणि कुणी नुसताच तळहात पुढे केला तर तळहातावर. मलम कशात द्यायचं हा जगात एक स्वतंत्र प्रश्न आहे, याचा त्यांना त्रेचाळीस सालापर्यंत पत्ताच नव्हता.

तो प्रश्न त्यांच्या घरी आणला डोंगरसिंगनं. डोंगरसिंग शिरपूरच्या वरचा, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा. दर दोन-तीन महिन्यांनी मेण आणि मध घेऊन धुळ्याला यायचा. लढाईचे दिवस होते. साबण मिळेना, कापड मिळेना, खरूज तेवढी मुबलक. डोंगरसिंगच्या पाड्यावर एक माणूस न खाजवणारा उरला नव्हता. त्याची आठ वर्षांची मुलगी कस्तुरा तर खाजवून खाजवून रक्त काढायची. कौतिकरावांनी त्याला पळसाच्या पानात मलम बांधून दिलं होतं. या खेपेला तो महिन्यानंच परत आला आणि उंबऱ्याशी बसून म्हणाला,

"भाऊ, पान बरं व्हई गयं, पोर नई व्हयनी."

उन्हात दोन दिवस चालताना मलम वितळून पानात जिरलं होतं. घरी पोचलं ते नुसतं पिवळं पान.

कौतिकरावांना ते वाक्य फार लागलं. औषध आहे, रोगी आहे आणि मधल्या वाटेवर सगळं सांडतं आहे, हे त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीला शोभण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. लढाईच्या धामधुमीत पूर्व-पश्चिम दोन्ही खानदेश मिळून एक खरूज निवारण कचेरी उघडली होती. साहेब जळगावला बसत. धुळ्याला त्यांची शाखा होती, म्हणजे एक खुर्ची आणि तीवर एक कारकून. अर्जाचं उत्तर चक्क आठ दिवसांत आलं:

"आपले मलम पायथ्याच्या गावांकरिता नमुन्यादाखल घेण्यास ही कचेरी राजी आहे. दोनशे नग, योग्य वेष्टनात, ता. ३१ मे रोजी दुपारी बाराच्या आत जळगाव येथे समक्ष सादर करावेत. वेष्टन अयोग्य आढळल्यास नमुना बाद समजण्यात येईल."

पत्र कौतिकरावांच्या चौथ्या गल्लीत घरोघर फिरलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी 'दोनशे नग' वाचलं आणि कौतिकरावांची पाठ थोपटली. 'योग्य वेष्टनात' हे शब्द दुसऱ्या दिवशी सुकदेवनानांना दिसले. नाना कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कागदावर आधी अडचणच दिसायची.

"कौतिक," ते म्हणाले, "यात मेख आहे. योग्य म्हणजे काय?"

कौतिकराव शाखेत गेले. कारकून खुर्चीवर होते.

"योग्य वेष्टन म्हणजे नेमकं कोणतं हो?"

"पत्रात स्पष्ट लिहिलंय. योग्य."

"ते वाचलं. पण डबी, बाटली, बरणी, काय?"

"ते आम्ही कसं सांगणार? आम्ही सांगितलं तर तो पक्षपात होतो."

"मग अयोग्य कोणतं, तेवढं तरी सांगा."

"ते नमुना बाद झाला की लेखी कळवतो," कारकून म्हणाले आणि इतक्या सौजन्यानं हसले, की कौतिकरावांना त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर सभा भरली. शेजारचे किराणावाले रतिलालभाई म्हणाले, "कौतिकभाऊ, एमां विचार कसला? मलम म्हणजे पत्र्याची डबी. आख्खी दुनिया पत्र्याच्या डबीत मलम विकते." हे इतकं उघड होतं, की कौतिकरावांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते पत्र्याचा परवाना काढायला पुरवठ्याच्या कचेरीत गेले. तिथं तीन प्रतींत एक अर्ज भरायचा होता आणि त्यात एक रकाना होता: 'सदर पत्रा लढाईच्या कामी कसा उपयोगी पडेल?' कौतिकराव त्या रकान्यापुढे पाऊण तास बसले. शेवटी त्यांनी लिहिलं, "खाजवणारा मनुष्य लढू शकत नाही." हे उत्तर पुढे त्या कचेरीत बरंच गाजलं म्हणतात. पत्रा मात्र मिळाला नाही.

तेव्हा रतिलालभाईंनी आपली ओळख वापरली. देवळालीच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचे बूट रोज चमकत होते आणि पॉलिशच्या रिकाम्या डब्या पोत्यांनी बाहेर पडत होत्या. त्यातलं एक पोतं धुळ्याला आलं. डब्या सुंदर होत्या. झाकण घट्ट, तोंड रुंद, चपट्या, हातात मावणाऱ्या. सुगंधाबाईंनी, म्हणजे कौतिकरावांच्या पत्नीनं, राख आणि गरम पाणी घेऊन त्या तीन दिवस घासल्या. नाव सुगंधाबाई आणि घरात सकाळ-संध्याकाळ गंधकाचा वास. त्यात आता पॉलिशचा मिसळला. पण बाई घासत राहिल्या. दोनशे डब्या भरून झाल्या.

परीक्षेला सुकदेवनाना आपण होऊन पुढे आले. त्यांच्या बोटांत बरेच दिवस 'उष्णता' होती. नाझराला खरूज होत नाही, उष्णताच होते. त्यांनी चार दिवसांपूर्वी भरलेली डबी उघडली, तर मलम पिवळं नव्हतं, काळपट होतं. "मुरलं असेल," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांना चोळलं. सकाळी नानांचे हात मनगटापर्यंत बुटासारखे काळे आणि चकचकीत झाले होते. ते कशानंच निघेना. त्या आठवड्यात त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. तिथं नानांनी हात उपरण्यात गुंडाळून अक्षता टाकल्या आणि वधूपक्षानं त्यांना महारोग असल्याची बातमी अमळनेरपर्यंत पोचवली.

दवाखान्यातले डॉक्टरसाहेब हसले. "अहो कौतिकराव, गंधक पत्र्याला खातो हे तुम्हाला मी सांगायचं? आतून रोगण लावलेला पत्रा असेल तर गोष्ट वेगळी." कौतिकरावांना ते ठाऊक होतं, आणि तेच जास्त झोंबलं. बावीस वर्षं जे माहीत होतं, ते एका पोत्यापुढे विसरलं गेलं होतं.

मग काच घ्यावी. काच कुणाला खात नाही आणि कुणाकडून खाऊन घेत नाही. पण रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या मुंबईहून येणं बंद झालं होतं. दवाखान्यात पडून होत्या त्या खोकल्याच्या औषधाच्या अरुंद गळ्याच्या बाटल्या. कौतिकरावांनी मलम पातळ करून नरसाळ्यानं एका बाटलीत ओतलं; छान गेलं. सुगंधाबाईंनी ती माठाशेजारी गारव्याला ठेवली. मलम छान घट्ट झालं. मग सुगंधाबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"हे आता बाहेर कसं काढायचं?"

कौतिकरावांनी बाटली उलटी केली. आपटली. विणायची सुई घालून पाहिली. बाटलीतलं मलम काचेआडून स्वच्छ दिसत होतं. एखाद्या मोठ्या माणसाला भेटायला जावं, त्याला खिडकीतून बसलेला पाहावं, आणि शिपायानं 'साहेब घरी नाहीत' म्हणून सांगावं, तसं कौतिकरावांना झालं. रतिलालभाई म्हणाले, "प्रत्येक बाटलीबरोबर एक दगड द्या. फोडून घेतील." सांगताना ते मुळीच हसत नव्हते.

लाकडाचा प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण तो विषय त्या घरात अजूनही काढलेला चालत नाही. लाखेचं काम केलेले लाकडी करंडे कुंकवाला चालतात, मग मलमाला का नाही, असं वाटून कौतिकरावांनी बायको बाहेर गेलेली पाहून तिच्याच करंड्यात मलम भरलं. दोन दिवसांत लाकडानं तेल पिऊन टाकलं, झाकण फुगून कायमचं बसलं, आणि आतलं कुंकू-मलम आतच राहिलं. करंडा माहेरचा होता. सुगंधाबाई तीन दिवस कौतिकरावांशी प्रत्यक्ष बोलल्या नाहीत. काही सांगायचं झालं तर त्या समोरच्या भिकुबाईंना हाक मारून सांगत, "भिकुआक्का, यांना म्हणावं भाकरी थंड होतेय." भिकुबाई थोड्या बहिऱ्या होत्या. त्यामुळे तो निरोप सबंध चौथ्या गल्लीला कळल्यावर कौतिकरावांना कळायचा.

एवढ्यात आखाजी आली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं पाणी भरून मातीची बोळकी मांडतात. सण झाला आणि कुंभाराकडे शे-दोनशे बोळकी उरली. रुंद तोंडाची, मुठीएवढी, स्वस्त. कौतिकरावांना वाटलं, देवच पावला. त्यांनी ती सगळी उचलली, भरली, वर कापड बांधलं आणि पडवीत ओळीनं मांडली. मे महिन्याचं धुळ्याचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी बोळक्यांना घाम फुटला. पिवळा, तेलकट, उग्र घाम पडवीतून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत. आत उरली कोरडी गंधकाची भुकटी. त्या ओघळावरून आधी रतिलालभाई घसरले आणि मागोमाग त्यांच्या तराजूची पारडी. एवढ्यावरही भागलं असतं. पण बोळकी पाहून भिकुबाई काठी टेकत आल्या आणि भर गल्लीत उभ्या राहून म्हणाल्या,

"कौतिक, आखाजीले ह्या बोळकास्मां आपला पितर पानी पेतस. तू तेस्मां खरूजनं मलम भरस? काही लाज शे का नई तुले?"

कौतिकरावांनी पितरांची मनातल्या मनात क्षमा मागितली. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा वाटलं, की खरूज हा रोग त्या मानानं बरा. तिला वेष्टन लागत नाही. ती कुठंही पोचते आणि वाटेत सांडत नाही.

मेची एकवीस तारीख उजाडली. कौतिकराव पडवीत डोकं धरून बसले होते. डोंगरसिंग मेण घेऊन आला. कस्तुरा कशी आहे, असं कौतिकरावांनी विचारलं. तिला ताप येतो, तो म्हणाला. खाजवलेल्या जागा पिकल्या होत्या. मग त्यानं पडवीभर नजर फिरवली. काळ्या डब्या, बाटल्या, बोळकी. आणि आपल्या झोळीतून मधाची नळी काढून खाली ठेवली. वेळूचं एक पेर, खालच्या गाठीनं बुड बंद, वरच्या तोंडाला पान आणि त्यावर मेणाचं बूच.

"भाऊ, आमी मध यामां आनतस. दोन दिन उन्हामां चालतस, थेंब नई सांडस."

कौतिकरावांनी नळी हातात घेतली. उलटी केली. हलवली. आतल्या बाजूनं वेळू काचेसारखा गुळगुळीत होता; तेल पिणार नाही. गंधक त्याला खाणार नाही. तोंडात दोन बोटं आरामात जात होती. बावीस वर्षं ही नळी त्यांच्या दारात येत होती. ती रिकामी करून, धुऊन ते परत देत आले होते. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पोटात एक बारीकसा काटा होता: महिनाभर सबंध गल्लीनं डोकं चालवलं आणि उत्तर शोधलं ते अक्षरओळख नसलेल्या माणसानं. "मीही याच विचारात होतो," ते म्हणाले. डोंगरसिंग चांगला माणूस होता. त्यानं मान डोलावली, आणि मलम आता सरकारी खात्यातून पाड्यावर येणारच म्हणून आपल्यापुरतं वेगळं मागितलंही नाही.

पाच दिवसांत वेळू आले, कापले गेले, घासले गेले, भरले गेले. सुगंधाबाई मेण वितळवून बुचं बसवत होत्या आणि आता थेट नवऱ्याशी बोलत होत्या. एक नळी कौतिकरावांनी मुद्दाम भर दुपारी पत्र्याच्या छपरावर उभी ठेवली. थेंब गळला नाही. तीस तारखेला दोनशे नळ्या एका खोक्यात कडब्याच्या चाऱ्यात उभ्या रचल्या. खोक्यावर नानांनी कोर्टातल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'ही बाजू वर.' एकतीसच्या पहाटेच्या गाडीला गल्ली पोचवायला आली. भिकुबाईंनीसुद्धा हातावर दही घातलं.

धुळ्याहून जळगावला जायचं म्हणजे मध्ये जंक्शनवर गाडी बदलावी लागते. कौतिकराव डब्यात बसले आणि खोकं सामान ठेवायच्या ब्रेकच्या डब्यात गेलं. तिथं 'ही बाजू वर' वाचता येणारा कुणी नव्हता, किंवा असला तरी त्याला ती सूचना वाटली, हुकूम वाटला नाही. खोकं आडवं पडलं. जंक्शन येईपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. मेणाची बुचं मऊ झाली होती आणि नळ्यांतली हवा तापून बाहेर पडायला वाट शोधत होती.

हमालानं खोकं फलाटावर ठेवलं आणि आतून आवाज आला, फट्.

हमालानं वाकून वास घेतला. गंधक. तेवढ्यात दुसरा आवाज आला, फट्. आदल्याच वर्षी ठिकठिकाणी तारा तुटल्या होत्या, रूळ उखडले गेले होते. माणसांना अशा आवाजांचा अर्थ लावायची सवय झालेली होती. हमाल "बाँब!" म्हणून ओरडला आणि ज्या चपळाईनं दिसेनासा झाला, तेवढ्या चपळाईनं त्यानं कधी ओझं उचललं नसेल. क्षणात फलाट मोकळा झाला. त्या सबंध फलाटावर दोनच गोष्टी राहिल्या: खोकं, आणि त्याला मिठी मारून ते उभं करू पाहणारे कौतिकराव.

फौजदारांनी त्यांना चौकीत आणलं. खोकं चार शिपायांनी लांब बांबूनं ढकलत आणलं.

"काय आहे यात?" फौजदारांनी विचारलं.

"मलम."

"दोनशे नळ्या. तोंडं मेणानं बंद. आत गंधक. आवाज होतो. आणि तुम्ही म्हणता मलम?"

"खरजेचं आहे साहेब."

"मग डबीत का नाही?"

हा प्रश्न ऐकला मात्र, कौतिकराव सरसावून बसले. महिनाभर सगळ्यांनी सल्ले दिले होते; असं का, म्हणून आस्थेनं विचारणारा हा पहिलाच. त्यांनी सगळं सांगितलं. परवाना, बूटपॉलिश, नानांचे हात, बाटलीत कोंडलेलं मलम, बायकोच्या माहेरचा करंडा, पितर, भिकुबाई. अर्धा तास सांगत होते. फौजदारांनी अडवलं नाही. शेवटी ते म्हणाले, "एवढं खोटं कुणी रचणार नाही. माझा विश्वास बसलाय. पण तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय माल सोडता येत नाही. पुण्याला लिहितो."

"साहेब, बाराच्या आत जळगावला पोचायचंय. सगळ्या राहू द्या. दोन नळ्या द्या फक्त."

"पुराव्याला हात लावता येत नाही."

चौकीच्या भिंतीवर घड्याळ होतं. कौतिकराव त्याच्यासमोर बाकावर बसून होते. बारा वाजले. घड्याळानं बारा ठोके दिले, एकही कमी नाही. त्यांना कस्तुराचे हात आठवले आणि त्यांनी मान खाली घातली.

पाहिलं तर समोर उभ्या असलेल्या हवालदाराची बोटं मनगटावर फिरत होती. दुसरा शिपाई दाराच्या चौकटीला पाठ घासत होता. हवालदार हळूच वाकून म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, सहज विचारतो. हे दिवसातून किती वेळा लावायचं?"

कौतिकराव कितीही खचले तरी कंपाउंडर होते. "आंघोळ करून, मानेपासून तळपायापर्यंत," ते म्हणाले. "तीन दिवस ओळीनं. घरातल्या सगळ्यांनी एकदम. आणि कपडे उकळून घ्यायचे."

"घरातल्या सगळ्यांनी," हवालदारानं मनात नोंद केली.

संध्याकाळी त्यांना जातमुचलक्यावर सोडलं. दाखला यायला तीन आठवडे लागले: 'सदर पदार्थ स्फोटक नाही.' माल परत न्यायला कौतिकराव पुन्हा जंक्शनवर गेले. हवालदाराची कातडी लहान मुलासारखी तुकतुकीत झाली होती. पोलीस लाइनीतल्या बायकांनी त्यांना दोनदा चहा पाजला. दोनशे नळ्या नीट मोजून त्यांच्या ताब्यात दिल्या. एकूण एक रिकामी, आतून पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. सोबत पावती होती: 'दोनशे नग परत. वेष्टन सुस्थितीत.'

सरकारी शिक्क्याचा तेवढा एक कागद त्यांच्या वेष्टनाबद्दल चांगलं बोलत होता. त्यांनी तो जळगावच्या कचेरीला पाठवला आणि मुदत वाढवून मागितली. उत्तर आलं: "पोलिसांनी जप्त केलेले वेष्टन योग्य म्हणता येत नाही. सबब नमुना बाद. मागणी अन्यत्र देण्यात आली आहे."

मागणी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला गेली होती. लढाईच्या दिवसांत त्याला पत्रा कुठून मिळाला, हे विचारायची पद्धत नाही. त्यानंतर कौतिकरावांनी रिकाम्या नळ्या माळ्यावर टाकल्या आणि मलमाचं नाव काढलं नाही. दवाखान्यात कुणी खाजवत आला तर ते निमूट देत आणि मान वर करत नसत. नानांनी एकदा धीर द्यायला म्हणून विषय काढला, "आपण अपील करू." कौतिकरावांनी त्यांच्या अजून काळसर असलेल्या नखांकडे नुसतं पाहिलं. नाना उठून गेले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी डोंगरसिंग आला. डोक्यावर टोपलं होतं. त्यानं ते पडवीत उतरवलं आणि वरचं फडकं काढलं. आत डब्या होत्या. गुलाबी रंगाच्या, झाकणावर कमळ, कडेनं तीन भाषांत सूचना. कौतिकरावांनी एक उघडली. रिकामी.

"यातलं मलम?"

"ते काय कामनं नई भाऊ. वास गोड व्हता. पोरं चाटी गयात," डोंगरसिंग म्हणाला. "खरूज तशीच शे. पन डबी झकास शे. यामां तुन्हं मलम भरी दे."

कौतिकराव डबी फिरवून फिरवून पाहू लागले. तोंड रुंद. झाकण घट्ट, पण लहान पोरालाही उघडेल असं. आणि आतून, त्यांनी नखानं खरवडून पाहिलं, आतून सोनेरी रोगण. अशा पत्र्याला गंधक काही करू शकत नाही. चार महिन्यांपूर्वी ज्या वस्तूसाठी ते दारोदार फिरले, ती त्यांच्या तळहातावर होती आणि तिच्यावर दुसऱ्याचं नाव छापलेलं होतं. त्यांनी झाकण लावलं. मग आत वळून म्हणाले, "अगं, चूल पेटव."

चार खेपांत दीडशेवर डब्या आल्या, भरल्या आणि परत गेल्या. दसऱ्याला डोंगरसिंग कस्तुराला घेऊन आला. तिच्या हातांवर जुने डाग होते, पण जखम एकही नव्हती, आणि सगळा वेळ ती दोन्ही हातांनी भुईमुगाच्या शेंगा सोलून खात बसली होती. सुगंधाबाईंनी तिला आणखी ओंजळभर दिल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या.

त्याच आठवड्यात कौतिकरावांना शाखेतून बोलावणं आलं. कारकून खुर्चीवर होते आणि फार खुशीत होते. "कौतिकराव, तुम्ही विचारत होता ना, योग्य वेष्टन म्हणजे काय? हे घ्या. साहेबांचा अहवाल आलाय. वाचा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

कौतिकरावांनी तो कागद घरी आणून सुगंधाबाईंना वाचून दाखवला. "पायथ्याच्या गावांतील खरूज अपेक्षेपेक्षा लवकर आटोक्यात आली. मुंबईच्या मलमाचे वेष्टन उत्कृष्ट असल्याने औषधाचा गुण शेवटपर्यंत टिकून राहिला, असे या कचेरीचे मत आहे."

"यात तुमचं नाव कुठाय?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"मी आत होतो. डबीच्या."

"मग जाऊन सांगा त्यांना! उघडून दाखवा!"

"दाखवलं असतं," कौतिकराव म्हणाले. "पण सरकारी वेष्टनात परवानगीशिवाय मलम भरलं, याला काय म्हणतात ते मी नानांना विचारून आलोय. त्यांनी कलमसुद्धा सांगितलं."

सुगंधाबाई उठल्या. मग त्यांनी जाऊन पुढचं दार लावलं, कडी घातली आणि चुलीवरच्या पातेल्यात पळी फिरवली. अजून चाळीस डब्या भरायच्या राहिल्या होत्या.